लग्नघराची पत्रपेटी: अक्षता, पंगत आणि उरलेला मसालेभात

तुळशीची लग्नं उरकली की या सदराला येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. एरवी मानपान, पत्रिकेतली नावांची उतरंड आणि व्याह्यांचे रुसवेफुगवे हे आमचे नेहमीचे विषय. या वेळच्या गठ्ठ्यात मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकच गोष्ट विचारणारी निघाली: लग्न पर्यावरणपूरक करायचंय, काय करू? म्हणून हा महिना त्यालाच दिला.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी दादरच्या एका मंगल कार्यालयात बरीच वर्षं व्यवस्था पाहिली. बोहल्यावर काय चाललंय ते मला कधी धड दिसलं नाही. मला दिसायचं ते मागचं दार, जिथून रात्री कचऱ्याची गाडी भरते. माझी उत्तरं त्या दारातून आलेली आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

मुलीचं लग्न माघात आहे. तिला ‘झीरो वेस्ट’ लग्न हवंय. अक्षता नकोत, हार नकोत, रुखवत नको, लाजाहोमही नको, अशी यादीच तिनं भिंतीवर लावली आहे. सासूबाई म्हणतात, मग राहिलं काय, सह्या करा आणि घरी या! ४०० माणसं येणार आहेत. मी दोघींच्या मधे अडकले आहे.
– वधूची आई, मुलुंड

ताई, मुलीची यादी दोनदा वाचली. तिनं जे जे काढून टाकलंय, त्याचा सगळा मिळून कचरा एका गोणीत मावेल. आणि ज्यानं गाडी भरते त्यातलं काहीच तिच्या यादीत नाही. स्टेज नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत, वरमालेच्या वेळचा धूर आणि कागदी चमकीचे बार नाहीत, जेवणाचे नऊ काउंटर नाहीत.

एकेक विधी डोळ्यांसमोर आणा. अंतरपाट म्हणजे एक कापड, ते घरी परत येतं. सासूबाईंचं एखादं मऊ लुगडं असेल तर तेच धरा, त्यांचा अर्धा राग तिथेच उतरेल. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी आणि सात सुपाऱ्या, त्या गुरुजींच्या पिशवीत जातात. लाजाहोमाला ओंजळभर लाह्या आणि तूप. कन्यादानाला तांब्याभर पाणी. मोत्यांच्या मुंडावळ्या पुढच्या भावंडांना कामाला येतात. यातलं मागच्या दारानं काय जातं? जवळजवळ काहीच नाही.

अक्षतांचं म्हणाल तर मुलीचं थोडं खरं आहे. हिशेब करू. प्रत्येकाच्या हातात साधारण २० ग्रॅम तांदूळ येतात. ४०० माणसं म्हणजे आठ किलो. ते कुंकवाच्या रंगात माखलेले, बुटांखाली तुडवलेले, आणि हल्ली वर प्रत्येकाला वेगळी जाळीची पोटली. पुन्हा प्रत्येक ‘सावधान’ला मूठ उधळायची सवय. विसाव्या रांगेतल्या माणसाच्या अक्षता वधूवरांवर कधीच पडत नाहीत, एकोणिसाव्या रांगेतल्याच्या टकलावर पडतात. तेव्हा मार्ग असा: पोटल्या बंद. बोहल्याभोवतीची घरची माणसं आणि वडीलधारी यांनाच वाटीतून चिमूटभर अक्षता द्या, त्याही शेवटच्या मंगलाष्टकाला टाकायला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, त्या ते वाजवतातच. एक-दीड किलोत काम होतं. देशावर ज्वारीच्या अक्षता असतात, तुमच्याकडे तशी रीत असेल तर उत्तमच.

फुलांच्या पाकळ्या वापरा असं सगळीकडे सुचवतात. वापरा, पण गुळगुळीत फरशीवर ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो, आणि लग्नात म्हाताऱ्या माणसांची संख्या काही कमी नसते. पाकळ्या फक्त बोहल्यावर, सतरंजीवर ठेवा. आणि हो, झाडलेल्या अक्षता कबुतरांना घालू, हा विचार मनातही आणू नका. दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५ मध्ये काय रामायण झालं ते मुंबईत सगळ्यांना माहीत आहे.

दोन हार असू द्या. काढायचे असतील तर सत्काराचे काढा. मंगलाष्टकं थांबवून माइकवरून नगरसेवकांना शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ देतात ना, ते. तो गुच्छ खुर्चीखालीच राहतो.

रुखवताबद्दल मी सासूबाईंच्या बाजूची आहे. रुखवत म्हणजे मुळात खाण्याच्या आणि वापरायच्या वस्तू: करंज्या, लाडू, सांजोऱ्या, सांडगे, पापड, मेतकूट, विणलेली तोरणं. थर्मोकोलचा वाडा आणि चमकीची विहीर ही नंतरची भर. थर्मोकोलवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. सासूबाईंना सांगा, रुखवत तुमच्याकडे, पण जे मांडाल ते महिन्याभरात पोटात किंवा वापरात गेलं पाहिजे. बघा कशा कामाला लागतात. मुलीला सांगा, काउंटर आणि स्टेज तुझ्याकडे, तिथे हवी तेवढी कात्री चालव. भांडण्याजोगं सगळं तिथेच आहे.

लालबागला राहतो. हॉल घेतलाय, केटरर हॉलचाच घ्यावा लागतो. प्लास्टिक नको म्हटलं तर म्हणतो, ‘साहेब, आपलं सगळं इको-फ्रेंडलीच असतं.’ अंदाजे ७०० माणसं. उरलेलं अन्न न्यायला १०९८ वर फोन करा असा मेसेज आला होता, तो नंबर आम्ही लिहून ठेवला आहे. बरोबर ना?
– नवरदेव, लालबाग

आधी तो नंबर खोडा. १०९८ ही संकटात सापडलेल्या मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. उरलेलं जेवण नेण्याचा आणि तिचा काही संबंध नाही. चाइल्डलाइननं स्वतः अनेकदा खुलासा केला, तरी तो मेसेज दर लग्नसराईत नव्यानं जन्म घेतो. तुमच्या श्रीखंडापायी एखाद्या पोराचा फोन लागायचा राहील.

मुंबईत अन्न नेणारे आहेत. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक आहे, डबेवाल्यांनी त्याच नावानं काम केलं आहे, रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आहेत. पण रात्री साडेअकराला ‘अहो, भात उरलाय’ म्हणून फोन केलात तर कोण येणार? निदान आठवडाभर आधी बोलून ठेवा. माणूस कोण येणार, किती वाजता, भांडी कोणाची, हे ठरवा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत, त्यामुळे जबाबदार संस्था वाटेल ते घेत नाही आणि घेऊही नये. पातेल्यातलं, न वाढलेलं, गरम असलेलंच द्यायचं. शिजवलेलं अन्न मुंबईच्या हवेत दोन तासांहून जास्त उघडं राहिलं की ते दान राहत नाही, पोटदुखी होते. भात तर फार लबाड, दिसायला चांगला असतो आणि आतून बिघडलेला. पुऱ्या, जिलबी, गरम सुकी भाजी निभावून जाते. मठ्ठा, कोशिंबीर आणि दुधाचे पदार्थ यांचा मोह सोडा.

पण खरं सांगू? उरलेलं कुठे द्यायचं हा प्रश्न ज्याला पडतो, त्यानं स्वयंपाक जास्त सांगितलेला असतो. तुमचा तो ७०० चा आकडा कुठून आला? पाहुण्यांची यादी काढली, घरटी चार धरले, वर ‘कमी पडायला नको’ म्हणून थोडे घातले. केटररही स्वतःचं नाक वाचवायला त्यावर आणखी शिजवतो. ताटामागे दर आणि कमीत कमी ताटांची हमी असा त्याचा करार असतो, म्हणजे माणसं कमी आली तरी पैसे तुम्ही हमीचे भरणार. त्यामुळे हमीचा आकडा खाली ठेवा आणि जास्त आले तर वाढीव ताटांचा दर आधी ठरवून घ्या. हे कागदावर.

माणसं मोजायची कशी? आपल्याकडे ‘येताय ना?’ असं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, ते अशुभ वाटतं. म्हणून प्रश्न बदलायचा. ‘मुहूर्ताला येणार की संध्याकाळी?’ ‘गाडीत जागा ठेवू का, दोन की तीन?’ याला माणूस खरं उत्तर देतो. मुहूर्त मंगळवारी दुपारी १२ चा असेल तर ऑफिसवाले येणार नाहीत, त्याच दिवशी तुमच्याच नात्यात दुसरं लग्न असेल तर घर अर्धं वाटलं जाणार. हे फोन एखाद्या चटपटीत आत्याकडे किंवा मामीकडे द्या, लग्नाच्या दहा दिवस आधी.

दुसरं, पदार्थ. प्रत्येक जादा पदार्थ म्हणजे सगळ्यांना पुरेल या भीतीनं शिजवलेलं आणखी एक पातेलं. पावभाजीकडे किती जातील आणि नूडल्सकडे किती, हे केटररला ठाऊक नसतं, मग तो दोन्ही भरभरून करतो. एक भात, दोन भाज्या, एक गोड, एक तळण, मठ्ठा, चटण्या-कोशिंबिरी, एवढ्यात मराठी लग्नाचं जेवण उत्तम होतं. मसालेभात आणि जिलबीला नावं ठेवणारा पाहुणा मी अजून पाहिला नाही. कोरलेल्या कलिंगडाचा मोर आणि गाजराची फुलं मांडलेलं सॅलडचं टेबल तर सरळ बाद करा. त्याला कोणी हात लावत नाही, उचलून टाकतात ते आम्हीच.

बुफेपेक्षा पंगतीत नासाडी कमी होते, पण एका अटीवर. वाढप्यानं विचारून वाढायचं आणि आग्रहाला आवर घालायचा. व्याह्यांच्या ताटात नको म्हणत असताना पडलेल्या त्या तीन जिलब्या कुठे जातात ते मी पाहिलंय. सगळ्यांची पंगत जमत नसेल तर निदान विहीणपंगत केळीच्या पानावर करा. पान दादरला सहज मिळतं आणि ओल्या कचऱ्यात मुकाट्यानं कुजतं.

आता ते ‘इको-फ्रेंडली’. केटररकडे एक ताट मागा आणि नखानं खरवडा, नाही तर त्यात कढत पाणी ओतून थोडा वेळ ठेवा. पातळ पापुद्रा सुटला तर तो प्लास्टिकचा थर. वरून पानाचं चित्र छापलेली कागदी ताटंही मी पाहिली आहेत, तीच ‘पत्रावळ’ म्हणून खपतात. खरी पत्रावळ पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली. सुपारीच्या झावळीच्या बुंध्याची किंवा उसाच्या चिपाडाची ताटंही चालतील. पण माझी पसंती स्टीललाच. धुवायला पाणी लागतं हे मान्य, तरी वापरून फेकायची ७०० ताटं तयार करून, वाहून आणून, पुन्हा वाहून नेण्यापेक्षा ते बरं. हॉलकडे धुण्याची सोय आहे का, एवढं विचारा. आमच्याकडे होती आणि विचारणारे मोजके होते.

पाणी: माणशी दोन छोट्या बाटल्या धरा, १४०० झाल्या, बहुतेक अर्ध्या प्यालेल्या. त्याऐवजी २० लिटरचे जार, स्टीलचे पेले आणि पेले विसळून ठेवणारी दोन माणसं.

हॉल घेऊन झालाय म्हणता, तरी मेनू ठरवायची बैठक बाकी असेल. तिथे करारात चार ओळी घाला: स्टीलची ताटं-पेले, छोट्या बाटल्या नाहीत, ओला आणि सुका कचरा वेगळा, आणि ताटं परत ठेवायच्या जागी एक माणूस उभा. तो माणूस नसेल तर डबे तीन ठेवा की तेरा, सगळ्यांत सगळंच पडतं. मुंबईचा कचरा रोज हजारो टन निघतो. १९२७ पासून भरत आलेली देवनारची कचराभूमी आहे, बहुतेक माल आता कांजूरला जातो. ओलं-सुकं एकत्र गेलं की तुमची पळसाची पत्रावळही तिथे कोणाच्या कामाची राहत नाही.

ज्यांचा हॉल अजून ठरायचाय त्यांनी हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी बोलावं. पावती फाटली की गिऱ्हाईकाचा आवाज बसतो.

बियांच्या कागदाची पत्रिका छापावी का? कुंडीत पेरली की त्यातून तुळस उगवते म्हणे.
– गोरेगाव

म्हणे. उगवते कधी कधी, जर कोणी ती पेरली, पाणी घातलं आणि कागद नीट भिजवला तर. बहुतेक पत्रिका टीव्हीच्या मागे जातात. त्यात ती साध्या पत्रिकेहून महाग.

गिरगावात खाडिलकर रोडला गेलात तर पत्रिकांचे हजार नमुने दाखवतील. साधा, एकपदरी, सोनेरी फॉइल आणि प्लास्टिकचा थर नसलेला कागद निवडा, म्हणजे निदान रद्दीत तरी जाईल. पत्रिकेवर गुंडाळतात ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, दुकानदार गुंडाळून देऊ लागला तर नको म्हणा. छापायच्या त्या देवापुढे ठेवायला, कुलदैवताला, आणि ज्यांना हातात पत्रिका मिळाल्याशिवाय बोलावणं झालं असं वाटत नाही अशा वडीलधाऱ्यांना. बाकी सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, पण नंतर फोन करा. नुसत्या फॉरवर्डला लोक लग्नाला येत नाहीत, आणि रागावतात ते वेगळंच.

आम्ही आगरी. हळद लग्नापेक्षा मोठी असते हे तुम्हाला माहीतच आहे. सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव घालतोय, ३०० माणसं. पिवळं डेकोरेशन, डीजे सगळं ठरलंय. मुलगा म्हणतो काहीतरी पर्यावरणाचं करू. हळदीत काय करणार?
– भांडुप

दादा, हळदीत तर सगळ्यात जास्त करता येतं. आधी कायद्याचं उरकते. सोसायटीचं आवार म्हणजे कार्यक्रमाचा परवाना नसलेली जागा. अशा ठिकाणी शंभराहून जास्त माणसं जमवायची तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी घालून दिलं. तेव्हा वॉर्ड ऑफिसात एक पत्र द्या. रात्री १० नंतर स्पीकर नाही, हे मी सांगायला नको, शेजारी सांगतीलच.

आता हळद. बाजारातल्या सुट्या, भडक पिवळ्या पावडरीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेला सापडतो. तीच नवऱ्या मुलाच्या अंगाला चोपडायची, आणि मग ते पाणी गटारात. हळकुंडं आणा आणि घाण्याच्या विधीला खरोखरच कुटा. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, सुवासिनींनी फोटोपुरता हात लावायचा आणि शेजारी पाकिटातली हळद कालवायची, असं हल्ली चालतं. तीनशे जणांना पुरेल एवढी कुटायची गरज नाही. नवरदेवापुरती उखळात, बाकीची गिरणीतून किंवा मिक्सरवर.

पिवळं डेकोरेशन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे: प्लास्टिकची फुलं, पॉलिस्टरचे पडदे, ‘हल्दी’ लिहिलेला फ्लेक्स. झेंडू पिवळाच असतो की. त्याच्या माळा आणि आंब्याचे टाळे, मांडव सजला.

डीजेवरून मुलाशी भांडू नका, दहाला तो आपोआप बंद होणार. पण संध्याकाळी तो सुरू व्हायच्या आधी धवलारणीला बोलवा. तुमच्याच समाजातली धवळे गाणारी बाई, तिच्याशिवाय पूर्वी हळद लागत नसे. तिला ना जनरेटर लागतो ना डिझेल. भांडुपात कोणी राहिली नसेल तर उरण, पनवेलकडच्या नातेवाइकांना विचारा.

आमच्याकडे देवक पंचपालवीचं. सूनबाई म्हणतात, झाडांच्या फांद्या तोडून कसली पूजा? मला उत्तर सुचलं नाही.
– आजी, विलेपार्ले

आजी, उत्तर तुमच्या घरातच आहे. ज्या झाडाचं देवक, ते झाड त्या कुळातली माणसं तोडत नाहीत, काही घरांत तर त्याचं लाकूड जाळतही नाहीत. कोणाचं कळंब, कोणाचा वड, कोणाचा उंबर. लग्नाच्या आधी घरातल्या माणसांनी जाऊन त्या झाडाला हळदकुंकू वाहायचं आणि पाच डहाळ्या मागून आणायच्या, एवढीच मुळात ती रीत. सूनबाईंना बरोबर न्या. पार्ल्यात आंबा, जांभूळ, वड, पिंपळ, उंबर ओळखायला निघालात तर दोघींची सकाळ छान जाईल. ओळखीच्या आवारात परवानगी घेऊन हातभर डहाळी कापली तर झाडाचं काही बिघडत नाही. दादरच्या फूलबाजारातही डहाळ्या मिळतात, पण रीत झाडापाशी जाण्याची आहे. मुहूर्तमेढीला अख्खा वासा नको, मातीच्या कुंडीत रोवलेली फांदी पुरते. हॉलच्या फरशीत खड्डा कोणी खणू देत नाहीच.

डेकोरेटर म्हणतो, खरी फुलं वाया जातात, म्हणून कापडी फुलं वापरा, ती ‘ग्रीन’. खरंच का?
– अंधेरी

अर्धं खरं. तो तीच फुलं पन्नास लग्नांना भाड्यानं देणार असेल तर ठीक, पण तुमच्यासाठी तुमच्या साडीच्या रंगाची नवी आणणार असेल तर तो प्लास्टिकचाच ढीग आहे. स्पष्ट विचारा: ही आधी कुठे लागली होती? फोटो दाखवा.

खऱ्या फुलांतही गोम आहे. गुच्छ आणि कमानी ज्या हिरव्या विटेसारख्या फोममध्ये खोचतात, तो फोम प्लास्टिकच. तो कुजत नाही, त्याचा भुगा होतो आणि पाण्यात जातो. डेकोरेटरला सांगा, फोम नको, जाळी किंवा पाण्याची भांडी वापर, नाही तर सरळ माळाच सोड. थायलंडहून विमानानं येणारी ऑर्किड आणि फवारून निळा केलेला शेवंतीचा गुच्छ, हे दोन्ही कशाला हवेत तेच मला कळत नाही. थंडीतलं लग्न असेल तर शेवंती आणि झेंडू, उन्हाळ्यात मोगरा, निशिगंध, वसईचा सोनचाफा. जरबेरा हवाच असेल तर तो तळेगावकडचा मिळतो. पहाटे दादरला जाऊन स्वतः भाव काढा, डेकोरेटरच्या कोटेशनशी ताडून पाहा आणि मग त्याच्याशी बोला. दुसऱ्या दिवशी दोरे, टाचण्या, जरीच्या फिती काढल्या तरच त्या फुलांचं खत होतं. ते कोणी काढायचं, हेही त्याच्याच करारात लिहा.

पाहुण्यांना परतीची भेट म्हणून रोपं द्यावीत का?
– बोरिवली

लोकलमध्ये संध्याकाळी सात वाजता एका हातात रोप धरून बोरिवलीहून चर्नी रोडला जाऊन बघा आणि मग ठरवा. ज्यांनी मागितलं त्यांनाच द्या. पेढा द्या, तो वाटेतच संपतो.

आम्ही दोघांनी नोंदणी विवाहच करायचं ठरवलंय. कचऱ्याचा प्रश्नच मिटला. पण आईवडील नंतर ८०० जणांचं रिसेप्शन करणार आहेत.
– चेंबूर

म्हणजे प्रश्न मिटला नाही, तारीख बदलली. विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, तेवढ्या अवधीत आईवडिलांशी बोला. विधी वगळल्यानं त्यांना काहीतरी हुकल्यासारखं वाटतंय, ते ८०० पानांनी भरून काढतायत, असं मला पत्रावरून दिसतं. मधला रस्ता आपल्याकडे जुनाच आहे. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं: भटजी नाहीत, हुंडा नाही, खर्च बेताचा, पण मंगलाष्टकं आहेत, एकमेकांना दिलेली वचनं आहेत आणि साक्षीला माणसं आहेत. नोंदणीनंतर शंभर माणसांत असं काही करा. आईला मंगलाष्टकं ऐकायला मिळाली की आठशेचे तीनशे होतील, असा माझा अंदाज आहे.

‘आहेर आणू नये’ छापलं तरी लोक आणतात. शिवाय आम्हालाही मानाच्या साड्या आणि ब्लाउजपीस द्यावेच लागतात. किती घेऊ?
– गिरगाव

साड्या मोजक्या, पण नेसता येतील अशा सुती. ब्लाउजपीस अजिबात नकोत. मुंबईतला कोणताही ब्लाउजपीस शिवला जात नाही, तो फिरतो. एकदा एका बाईंनी दिलेला, कोपऱ्यावर तेलाचा डाग असलेला पोपटी पीस दोन वर्षांनी त्यांनाच ओटीत परत मिळालेला मी पाहिला आहे. त्यांनी ओळखलाही. ओटीत खण हवाच असेल तर खरा खण घ्या, त्याची निदान पिशवी होते. आलेली भांडी आणि शोपीस यांच्यासाठी घरात एक जाणकार मामी नेमा, लग्नानंतरच्या आठवड्यात ती सांगेल ते ठेवायचं, बाकी ज्यांना हवं त्यांना द्यायचं.

साताऱ्याकडून वऱ्हाड येणार आहे, प्रत्येकजण आपली गाडी काढतोय. हॉल दादरला. काय सांगू त्यांना?
– वधूचे वडील, परळ

सांगा की दादरला पार्किंग नाही. हे खोटंही नाही. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, एक गाडी करा आणि तिची वेळ पत्रिकेतच छापा, म्हणजे ती तुम्हीच केली आहे हे सगळ्यांना कळेल. मुंबईतल्या पाहुण्यांसाठी पत्रिकेवर जवळचं स्टेशन, पूर्व की पश्चिम, आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं, हे ठळक लिहा. हॉलच्या नावाखाली ‘भव्य पार्किंगची सोय’ लिहिलंत तर लोक गाडी काढणारच. आणि मुहूर्त रविवारचा असेल तर आदल्या दिवशीच्या पेपरात मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते पाहून व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवा. नाहीतर ठाण्याची सगळी मंडळी जेवायला पोहोचतील, आणि तीही दुसऱ्या पंगतीला.